वाईन, बातम्या आणि शनिवारची चव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पाटीवर ‘वाईन शॉप’ असं लिहिलंय. महाराष्ट्रात ही पाटी वाचून आत येणारी बहुतेक माणसं व्हिस्की, रम नाहीतर थंड बीअर मागतात. क्वचित एखादा घुटमळत विचारतो, “वाईन पण ठेवता का हो?” आमचं दुकान नाशकात आहे. एका बाजूला दिंडोरी, दुसऱ्या बाजूला निफाड, शहराच्या वेशीवर गंगापूर धरण आणि त्याच्या काठाने द्राक्षबागा. तरीही हा प्रश्न येतो, म्हणून आम्ही दर शनिवारी एक पान लिहायला लागलो. अर्ध्या पानात आठवड्याच्या बातम्या, अर्ध्यात चाखलेल्या बाटल्या. पान छापून गल्ल्याशेजारी ठेवतो. नेहमीची मंडळी ते वाचतात आणि मग गल्ल्यावर उभं राहून प्रश्न विचारतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली.

वाईनच्या दुकानाला बातम्यांशी काय देणंघेणं? बाटल्यांबद्दल लिहा की.

हा प्रश्न आम्हाला एका निवृत्त शिक्षकांनी पहिल्याच महिन्यात विचारला होता आणि तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देतो. बाटलीत जे असतं ते मुळात शेतमाल. त्यामुळे पाऊस, गारपीट, मजुरांची टंचाई, द्राक्षाचा भाव या सगळ्या बातम्या तिच्यात उतरतात. तीच बाटली दुकानात आली की परवान्याखालची वस्तू होते. मग मंत्रिमंडळाचे निर्णय, निवडणुका, परदेशाशी झालेले करार हेही तिच्या किमतीत उतरतात. कांद्याचं दुकान चालवणारा लासलगावचे भाव वाचतो, तसं आम्ही हे सगळं वाचतो. फक्त कांद्याला उत्पादन शुल्क खात्याचा निरीक्षक भेट देत नाही.

मे २०२५ च्या पावसावर सलग तीन शनिवार लिहिलंत. पाऊस तर दरवर्षीच पडतो.

दरवर्षी पडतो, पण त्या वेळी नाही. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. त्याच्या आधीचे दोन आठवडेही ढगाळ आणि ओले गेले होते. शहरातल्या लोकांना गारवा मिळाला, बागायतदारांच्या पोटात गोळा आला. का ते समजायला द्राक्षाचं वर्ष कसं चालतं ते माहीत हवं.

थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते, पानं गाळते, वसंतात पुन्हा फुटते. एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे वेलीला झोपच लागत नाही. ती तशीच सोडली तर वर्षभर वाढत राहील आणि माल धड देणार नाही. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. माल उतरल्यावर एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्चमध्ये उतरणारं.

आता मेख अशी की पुढच्या वर्षीचा घड डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या टप्प्यात तिच्या डोळ्यांत, म्हणजे फुटव्याच्या गाठींत, घडनिर्मिती होते. त्यासाठी लख्ख ऊन लागतं. म्हणजे आपण ज्या उन्हाला शिव्या घालत पंख्याखाली बसतो, त्याच उन्हात काडीच्या आत माल धरत असतो. त्या दिवसांत आभाळ भरलेलं राहिलं की डोळा फळाचा न होता नुसत्या पानाचा होतो. काडी बाहेरून जाडजूड दिसते, पण ऑक्टोबरला छाटल्यावर ती वांझ निघते, नाहीतर इवलासा गोळी घड येतो आणि बघता बघता त्याची बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता दोरा, होऊन जाते. शेतकरी म्हणतो, घड जिरला.

शिवाय त्या वर्षी पाऊस ऑक्टोबरमध्येही लांबला. ओल्या बागेत डावण्या हा बुरशीचा रोग येतो आणि फवारणीसाठी ट्रॅक्टर नेतो म्हटलं तर तो चिखलात रुततो. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार यात जास्त भरडला जातो, कारण त्याला घड दिसायलाही देखणा लागतो. वाईनचा घड दिसायला कसाही चालतो, पण असायला हवा ना. म्हणून तीन शनिवार. खरं तर चौथाही लिहिणार होतो, घरच्यांनी थांबवलं.

शनिवारी चव घ्यायला दुकानात किती वाजता येऊ?

दुकानात येऊच नका, म्हणजे चव घ्यायला. आमचा परवाना सीलबंद बाटली विकण्याचा आहे. इथे बूच उघडून एक थेंबही ओतता येत नाही आणि आम्ही ओतत नाही. “अहो काका, मागच्या खोलीत द्या की घोटभर,” असं म्हणणारे असतात. त्यांना आम्ही पाणी देतो.

चव घेण्याचा कार्यक्रम वायनरीच्या, म्हणजे वाईन बनवतात त्या कारखान्याच्या, टेस्टिंग रूममध्ये होतो. तिथे तसा परवाना असतो. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरीकडे अशा जागा आहेत. सुला या नाशिकच्या वाईन कंपनीने २००५ मध्ये आपली टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा पैसे देऊन नुसती चव घ्यायला कोण येणार म्हणून इथलीच माणसं हसली होती. आता जानेवारी-फेब्रुवारीच्या शनिवारी त्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. आम्ही दहा-बारा जण मिळून जातो, ज्याचे त्याचे पैसे, आणि गाडी चालवायला न पिणारा एक जण आधी ठरलेला. याला अपवाद नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पाच वाईन प्रत्येकी ३० मिली घेतल्या तर पोटात दीडशे मिली जाते, म्हणजे भरलेला एक ग्लास. “नुसती चव तर घेतली” हे पोलिसांच्या फुंकायच्या यंत्राला कळत नाही.

चव घेऊन खरंच थुंकायचं असतं? लाज वाटते.

थुंकायचं असतं. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. भर रस्त्यात पिचकारी मारताना आपल्याला लाज वाटत नाही आणि इथे भांडं समोर असताना वाटते, याची गंमत वाटते खरी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही आठच्या आठ गिळल्या होत्या. वहीतली पहिली तीन टिपणं व्यवस्थित आहेत, पाचव्यावर नुसतं ‘मस्त’ लिहिलंय आणि आठव्याचं अक्षर मलाच लागत नाही.

वाईनच्या वर्णनात ब्लॅककरंट, गूसबेरी, लिची असलं काहीतरी असतं. आम्हाला तर नुसतं आंबट लागतं. आमची जीभ खराब आहे का?

जीभ ठणठणीत आहे. अडचण शब्दांची आहे. जे फळ आयुष्यात खाल्लं नाही त्याचा वास कसा ओळखणार? ब्लॅककरंट मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा उलटं वाटलं, की अरे, याला तर लाल वाईनचा वास येतोय. म्हणून आमच्या टेबलावर नियम असा की ज्या गोष्टी तुम्ही लहानपणी चोरून खाल्ल्या त्यांचीच नावं घ्यायची.

तसं केलं की गाडी सुरळीत चालते. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनमध्ये कैरी सापडते, हिरवी मिरची सापडते, कधी कापलेला कच्चा पेरू. शेनिन ब्लां ही दुसरी पांढरी पिकलेल्या पेरूच्या आणि अननसाच्या अंगाने जाते, शेवटी मधाचा हात फिरवल्यासारखी. शिराझ या लाल वाईनमध्ये जांभूळ, करवंद आणि वरून ताजे कुटलेले काळे मिरे. लाकडी पिंपात राहिलेली असेल तर लवंग, व्हॅनिला, कधी जळक्या चुलीजवळचा धुरकट वास. कॅबर्ने, हीही लाल, तिच्यात सिमला मिरचीचं देठ.

आणि एका बाबतीत तर आपण पुढेच आहोत. टॅनिन हे काय प्रकरण आहे ते समजावताना बाहेरच्या लोकांची दमछाक होते. आपल्याकडे ‘तुरट’ हा सहा रसांपैकी एक आहे. जांभळाने जीभ जड झाली, काजूच्या बोंडाने घसा धरला, कच्चं केळं चावलं, हे ज्याला आठवतं त्याला टॅनिन शिकवावं लागत नाही. ही तुरटी द्राक्षाच्या सालीतून आणि बीतून येते. लाल वाईन सालीसकट आंबवतात म्हणून ती तुरट आणि पांढरीत साल आधीच काढून टाकतात म्हणून ती नाही.

माझी आई एकादशी सोडत नाही आणि वाईनला तिने कधी ओठ लावलेला नाही. पण घरी ग्लास आला की वास जरूर घेते. एकदा लेट हार्वेस्टचा, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड वाईनचा, ग्लास नाकाशी धरून म्हणाली, “चिकीच्या गुळाचा पाक थोडा जास्त झालाय.” त्या शनिवारच्या पानावर आम्ही तेच छापलं. त्याहून नेमकं वर्णन आम्हाला सुचलं नाही.

वाईन म्हणजे दारू आहे की नाही? एकदाचं सांगा.

आहे. तिच्यात साधारण बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं, विषय संपला.

पण हा प्रश्न २७ जानेवारी २०२२ नंतर जो पेटला तो अजून विझलेला नाही. त्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. दुकान किमान शंभर चौरस मीटरचं, म्हणजे हजारएक चौरस फुटांचं, आत सव्वादोन घनमीटरचं बंद कपाट, शाळा-मंदिरांजवळ नाही, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत नाही. सरकारचं म्हणणं असं की याचा फायदा द्राक्ष पिकवणाऱ्याला होईल. विरोधकांचं म्हणणं की किराण्याच्या यादीत बाटली येईल. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि मग लोकांच्या हरकती-सूचना मागवू असं सरकारने म्हटल्यावर तो मागे घेतला. पुढे सरकारच बदललं. कपाटं काही लागली नाहीत.

आमचं मत लोक विचारतात, कारण त्यांना वाटतं की आम्ही धंद्यापायी विरोध केला असेल. तेव्हाही पानावर लिहिलं होतं, आताही लिहितो : वाईनचं मोठं कपाट असावं, पण शेजारी समजावणारा माणूसही असावा. तांदळाच्या पोत्याशेजारी मे महिन्यात उभी ठेवलेली बाटली तीन महिन्यांत खराब होते. आणि ‘शेतकऱ्याचा फायदा’ हा शब्द दोन्ही बाजूंनी फार स्वस्तात वापरला गेला. नाशिक जिल्ह्यातलं बहुतेक द्राक्ष खायचं असतं, थॉम्पसन, सोनाका, शरद वगैरे. वाईनचं द्राक्ष वेगळं, त्याची बाग वेगळी, आणि बऱ्याचदा वायनरीशी आधी झालेल्या कराराने लावलेली. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला म्हणून कोणी ती गाडी वायनरीच्या दारात रिकामी करू शकत नाही.

का? द्राक्ष ते द्राक्षच.

थॉम्पसन खाताना छान लागतो, कारण साल पातळ, बी नाही, आंबटपणा बेताचा. वाईनला नेमकं उलटं हवं : छोटा मणी, जाड साल, आत बिया आणि भरपूर साखरेबरोबर टिकलेला आंबटपणा. साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आली की तोडणी, तीही पहाटे, गारवा असताना. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास माल लागतो. थॉम्पसनची वाईन होत नाही असं नाही, पूर्वी झालीही आहे. पण ती प्यायल्यावर थॉम्पसन नुसता खाल्ला असता तर बरं झालं असतं असं वाटतं.

नाशकात हे सगळं सुलाने सुरू केलं ना?

नाशकाची आजची ओळख सुलाने घडवली हे खरं. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, नव्वदच्या दशकात गंगापूरच्या बाजूला वेली लावल्या आणि २००० साली पहिल्या बाटल्या आल्या. पण त्याआधी नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात इंडेज ही वाईन कंपनी उभी केली होती. फसफसणारी वाईन करून परदेशात विकायची, असा त्या काळात वेडेपणा वाटावा असा बेत. तिची ‘ओमर खय्याम’ ही फसफसणारी वाईन परदेशात नावाजली गेली. पुढे कर्जाखाली ती कंपनी बुडाली आणि तिच्याशी करार करून बागा लावलेल्या शेतकऱ्यांना वेली उपटाव्या लागल्या. नाशिकवाले ही गोष्ट फारशी सांगत नाहीत, नारायणगाव-जुन्नरकडचे विसरत नाहीत.

मधल्या काळात, २००१ साली, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क ठरले. तिकडे अकलूजला फ्रातेल्ली ही वायनरी उभी राहिली, इटालियन भाऊ आणि मोहिते-पाटील घराणं एकत्र. सोलापूरच्या उन्हात वाईन होईल यावर कोणी पैज लावली नसती. त्यांची ‘सेत्ते’ ही लाल वाईन प्यायल्यावर मी तरी लावली असती.

जून २०२५ मध्ये दारू महागली तेव्हा तुम्ही वाईनचे भाव का वाढवले नाहीत? की गुपचूप वाढवले?

गुपचूप काही नाही. ती वाढ वाईन आणि बीअरला लागूच नव्हती. स्वस्तातल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट झालं, देशी दारूचंही वाढलं आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ म्हणून धान्यापासूनच्या मद्याचा एक नवाच वर्ग निघाला. रोज क्वार्टर नेणाऱ्या गिऱ्हाइकाने गल्ल्यावर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या आठवड्यात दोघांनी मात्र “मग जरा वाईनच बघू” म्हणून बाटली नेली. एकाने दुसऱ्या दिवशी येऊन तक्रार केली की चढतच नाही.

वाईनचा हिशेब वेगळा. तिच्यावर २० टक्के व्हॅट आहे आणि प्रोत्साहन योजनेखाली त्या २० पैकी १६ टक्के राज्यातल्या उत्पादकाला परत मिळतात. योजना मध्ये खंडली होती, परतावे अडकले होते, मग २०२४ मध्ये सरकारने ती पुढे चालू ठेवायचं ठरवलं. म्हणून ‘परतावा’ हा शब्द दिसला की आम्ही ती बातमी कापून ठेवतो. गिऱ्हाइकाला कंटाळवाणी वाटते, पण छोटी वायनरी पुढच्या हंगामात माल घेईल की नाही ते त्यावर ठरतं.

परदेशी वाईन स्वस्त होणार म्हणे?

हळूहळू, आणि देशागणिक. आयात वाईनवर एकूण सीमाशुल्क १५० टक्के. ऑस्ट्रेलियाशी केलेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात पाच डॉलरच्या वरच्या बाटलीचं शुल्क लगेच १०० टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरच्या वरचीचं ७५ वर आलं. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ पर्यंत उतरायचंय. पाच डॉलरच्या आतल्या बाटलीला सवलत नाही, म्हणजे अगदी स्वस्त मालाने इथला बाजार भरू नये याची सोय आहे. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या कराराची बातमी वाचून लोक वाईनबद्दल विचारत आले, पण तिथला आनंद स्कॉचवाल्यांचा आहे. शिवाय सीमाशुल्क कमी झालं तरी त्यावर राज्याचे कर, आयातदाराचा खर्च आणि आमचा वाटा चढतोच. “शुल्क निम्मं झालं मग किंमत निम्मी का नाही?” याचं उत्तर हे.

वाढदिवसाला शॅम्पेन हवी, दिंडोरीची चालेल.

दिंडोरीची नक्की चालेल, पण ती शॅम्पेन नाही. ते नाव फ्रान्समधल्या शांपान्य भागाचं, जसं पैठणी येवला-पैठणची. दिंडोरीला शाँदोंची वायनरी आहे, मालक शॅम्पेन करणारी फ्रेंच कंपनीच, तरी बाटलीवर शॅम्पेन लिहीत नाहीत. आपण स्पार्कलिंग म्हणू. चांगल्या स्पार्कलिंगमध्ये बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते आणि फेस तिथे तयार होतो, वरून गॅस भरत नाहीत. उडवायची असेल तर कृपया स्वस्तातली न्या. चांगली बाटली छताला आणि केकला पाजताना बघवत नाही.

गोव्याहून आणलेल्या ‘पोर्ट’बद्दलही हेच. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली : आंबवण अर्ध्यावर थांबवून द्राक्षाचा स्पिरिट घालतात, म्हणून गोड आणि वीस टक्क्यांच्या आसपास कडक. गोव्यातली नावापुरती पोर्ट. फ्रीजमध्ये गार करून समुद्राकडे बघत प्यायली तर मजा येते, नाशकात आणून प्यायली की ती मजा कुठे गेली कळत नाही.

वडिलांनी २००९ सालची बाटली जपून ठेवलीय. आता मौल्यवान झाली असेल ना?

हे सांगताना वाईट वाटतं, पण बहुधा नाही. जितकी जुनी तितकी चांगली हे मोजक्या वाईनचं खरं आहे. आपल्याकडच्या पांढऱ्या वर्षा-दोन वर्षांत संपवायच्या, बहुतेक लाल चार-पाच वर्षांत. वडिलांची बाटली कपाटावर होती की कपाटात? कपाटावर असेल तर तिने पंधराहून जास्त उन्हाळे काढलेत. उघडा, वास घ्या. व्हिनेगर झालं असेल तर वडिलांना सांगू नका.

साठवण साधी. अंधार, गारवा आणि कमी हलवाहलव. बूच कॉर्कचं असेल तर आडवी ठेवा म्हणजे कॉर्क ओलं राहतं, फिरकीचं झाकण असेल तर कशीही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत कधीही नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाने मे महिन्यात लग्नासाठी घेतलेली खोकी दिवसभर डिकीत ठेवली. संध्याकाळी कॉर्क अर्धा इंच वर आलेले आणि वाईनला शिजवलेल्या मनुकांचा वास.

‘लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याची रूम थंड देशातली दगडी खोली होती. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरची खोली नव्हे. लाल बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग उघडा. पांढरी दोन-तीन तास. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, नंतर स्वयंपाकात घाला.

मिसळीबरोबर काय?

ताक.

बरं, हट्टच असेल तर किंचित गोडसर शेनिन, चांगली गार. तिखटावर तुरट लाल वाईन घेतली की तोंडात आग लागते, कारण मिरचीला अल्कोहोल आणि तुरटी दोन्ही भडकवतात, आणि गोडवा विझवतो. तळलेल्याबरोबर स्पार्कलिंग : साबुदाणा वडा, कांदा भजी, कोथिंबीर वडी. तेलकटपणा फेसाने धुऊन निघतो. सुरमईच्या तुकडीला सोव्हिन्यों ब्लां, लिंबाच्या जागी. खानदेशी काळ्या मसाल्याच्या मटणाला शिराझ, पण तिखट बेताचं ठेवून. हुरड्याबरोबर आम्ही रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, नेली होती आणि दह्याच्या चटणीने तिचा पार चुथडा केला. पुरणपोळीबरोबर लेट हार्वेस्ट लोक सुचवतात. मला पुरणपोळीबरोबर तूप पुरतं.

डॉक्टर म्हणाले रोज एक ग्लास लाल वाईन हृदयाला चांगली.

कधी म्हणाले? जुनी गोष्ट असेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही. अल्कोहोल कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे आणि त्यात वाईनही आली. दीडशे मिलीच्या ग्लासात साधारण पंधरा ग्रॅम अल्कोहोल जातं, म्हणजे ३० मिलीच्या दीड पेगाएवढं. औषध म्हणून घ्यायला आलात तर आम्ही विकणार नाही, समोरच मेडिकल आहे. आवडते म्हणून, कधीतरी, जेवणाबरोबर, एवढंच कारण आम्हाला पटतं. आधी पीत नसाल तर आमच्या पानामुळे सुरू करू नका.

मुलगा वीस वर्षांचा आहे, नाशिकला शिकतो, त्याला पाठवलं तर बाटली द्याल?

नाही. वाईनला २१ पूर्ण हवेत, कडक मद्याला २५. ओळखपत्र मागितलं की रागावणारे असतात आणि पन्नाशीत मागितलं तर खूश होणारेही.

ड्राय डे कधी? आणि सिंहस्थात काय करणार?

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे लक्षात ठेवा. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. बाकीचे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाप्रमाणे, तो आदेश आम्ही शटरवर चिकटवतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांनाही तेच. गोदावरीत लाखो माणसं उतरलेली असताना आम्हालाही गल्ल्यावर बसायची हौस नाही.

वाईन शाकाहारी असते का?

द्राक्ष आणि यीस्ट इथवर हो. पण गाळून स्वच्छ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. बरेच जण बेंटोनाइट नावाची माती वापरतात. मग प्रश्न उरत नाही. कोणती वायनरी काय वापरते ते विचारून सांगू. आमच्या जैन गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला म्हणून आम्हालाही कळलं.

सुलाचा शेअर घ्यावा का?

आम्ही बाटल्या विकतो.

पानावर तुम्ही शंभरपैकी गुण का देत नाही? निवडायला सोपं जाईल.

सुरुवातीला देत होतो. मग लोक पान वाचायचेच बंद झाले. नुसता आकडा बघून यायचे आणि नव्वदच्या वरची बाटली मागायचे. नव्वदची दिंडोरीची एक जड शिराझ होती, ती एका आजोबांनी उपवासाच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी घेतली आणि मला दोष दिला. एका वायनरीतल्या पोराने फोन करून विचारलं की एकोणनव्वद का, एक गुण कुठे कापला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता शेवटच्या ओळीत फक्त इतकंच छापतो की त्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर कोणती बाटली आधी रिकामी झाली आणि कोणत्या बाटलीत किती बोटं उरली.